पेशीबाहेरचे एटीपी, त्याला आवरणारी विकरे आणि जुनाट आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्युरिनर्जिक संकेतवहन म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात एटीपीची ओळख पेशीचे ऊर्जाचलन अशी होते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती तिथेच थांबते. पेशीच्या आत एटीपी मिलिमोलर प्रमाणात असते, तर निरोगी ऊतीत पेशीबाहेर ते नॅनोमोलर पातळीवर, म्हणजे आतल्या प्रमाणाच्या लाखाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी असते. पेशी फुटली, ताणली गेली किंवा तिचा प्राणवायू तुटला की हे एटीपी बाहेर सांडते. शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावर त्याला ओळखणारे ग्राही रेणू असतात आणि त्यांच्या लेखी बाहेर आलेले एटीपी म्हणजे धोक्याची वर्दी असते. चेतापेशी आणि इतर काही पेशी तर इजा न होताही थोडे एटीपी मुद्दाम सोडून एकमेकींना निरोप देतात. एटीपी, त्याच्या विघटनातून तयार होणारे एडीपी आणि शेवटी उरणारे ॲडिनोसिन यांच्यामार्फत चालणाऱ्या या सगळ्या व्यवहाराला प्युरिनर्जिक संकेतवहन म्हणतात.

ही कल्पना कोणी मांडली?

एटीपीचा रेणू १९२९ मध्ये हाती आला. जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे वेगळा केला. सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. आपल्याकडे त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही. त्याच वर्षी ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी ॲडिनोसिनच्या जातीची संयुगे हृदयाची गती मंदावतात हे दाखवले. मात्र एटीपी हा चेतातंतूंचा संदेशवाहक आहे, असे ठामपणे म्हणण्याचे धाडस जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७० च्या सुमारास केले आणि १९७२ मध्ये ‘प्युरिनर्जिक’ हा शब्द रूढ केला. ऊर्जा देणारा इतका मौल्यवान रेणू पेशी केवळ निरोपासाठी बाहेर का उधळील, या शंकेपायी जवळजवळ वीस वर्षे त्यांची थट्टा झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या ग्राहींची जनुके वेगळी केली गेली आणि वाद मिटला. आज एटीपीसारख्या रेणूंचे पंधरा आणि ॲडिनोसिनचे चार ग्राही ज्ञात आहेत.

या व्यवहारात विकरांचे काम कोणते?

वर्दी दिल्यावर घंटा थांबवणारेही कोणी हवे. हे काम विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने (एन्झाइम), करतात. पेशीच्या पृष्ठभागावरचे सीडी३९ हे विकर एटीपीचे एडीपी आणि पुढे एएमपी करते. त्याच्या शेजारचे सीडी७३ एएमपीवरचा शेवटचा फॉस्फेट काढून ॲडिनोसिन मोकळे करते. ॲडिनोसिनला ॲडिनोसिन डिअमिनेज, म्हणजे प्रयोगशाळेच्या रिपोर्टमधले ‘एडीए’, इनोसिनमध्ये बदलते, किंवा ते पेशीच्या आत ओढले जाऊन ॲडिनोसिन कायनेज या दुसऱ्या विकराच्या हाती पडते. इनोसिनच्या वाटेने गेलेल्याचे शेवटी झँथिन ऑक्सिडेज हे विकर यूरिक आम्ल करते. गाउटच्या रुग्णाला दिले जाणारे ॲलोप्युरिनॉल याच शेवटच्या पायरीला रोखते. एक आडवाटही आहे. एनपीपी१ हे विकर एटीपी थेट एएमपी आणि पायरोफॉस्फेट यांत तोडते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या पायरोफॉस्फेटला रक्तवाहिन्यांच्या संदर्भात फार महत्त्व आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

या साखळीत प्रत्येक पायरीवर निरोपाचा अर्थ बदलतो, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. एटीपी दाह पेटवते, एडीपी रक्तातील प्लेटलेटना एकमेकींना चिकटायला सांगते आणि ॲडिनोसिन बहुतेक ठिकाणी शांत व्हा असे सांगते. म्हणजे ही विकरे केवळ कचरा उचलत नाहीत. कोणता निरोप किती वेळ ऐकू यावा हे त्यांच्या गतीवर ठरते. जुनाट आजारांत या कालमापनातच बिघाड झालेला वारंवार दिसतो.

ॲडिनोसिन दाह शमवते, तर ते जितके जास्त तितके चांगले, असे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही, आणि या विषयात सर्वाधिक घोळ इथेच होतो. अचानक झालेल्या इजेत, उदाहरणार्थ हृदयाचा रक्तपुरवठा काही मिनिटे तुटला असता, ॲडिनोसिन रक्तवाहिन्या रुंदावते, पेशींची प्राणवायूची मागणी कमी करते आणि पांढऱ्या पेशींचा हल्ला सौम्य करते. तेच ॲडिनोसिन आठवडेच्या आठवडे साचून राहिले तर वेगळे घडते. ज्या उंदरांमध्ये एडीए हे विकर जनुकीय बदलाने काढून टाकले आहे, त्यांच्या फुप्फुसांत ॲडिनोसिन साचते, दाह वाढतो, हवेच्या पिशव्या विरतात आणि ऊतीत तंतू दाटू लागतात. बाहेरून एडीए दिले की हे बदल बऱ्याच अंशी मागे हटतात. जखम भरून येण्यासाठी जो निरोप तासभर हवा असतो, तो महिनाभर चालू राहिला तर ऊतीवर व्रण चढत जातो. त्यामुळे ‘ॲडिनोसिन वाढवणारे’ म्हणून एखाद्या पदार्थाची स्तुती वाचनात आली तर कोणत्या ऊतीत आणि किती काळ, हे आधी विचारावे.

छातीतील पाण्याच्या तपासणीत एडीए वाढलेले आले. म्हणजे क्षयरोगच आहे का?

महाराष्ट्रातील रुग्णांचा या विकरांशी प्रत्यक्ष संबंध बहुधा याच रिपोर्टमुळे येतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात क्षयाचे जंतू शिरले की तिथे टी-पेशी आणि मॅक्रोफेज पेशींची मोठी गर्दी होते. या पेशी ॲडिनोसिनचे विघटन जोरात करतात आणि पाण्यातील एडीए वाढते. त्यातही मॅक्रोफेजकडून येणारा एडीए२ हा प्रकार क्षयात प्रामुख्याने वाढलेला असतो. या पाण्यात प्रत्यक्ष जंतू फार थोडे असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली ते सहसा दिसत नाहीत, जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणारी सीबीनॅट तपासणी बरेचदा निगेटिव्ह येते आणि कल्चरला काही आठवडे लागतात. अशा वेळी एक स्वस्त आणि लवकर होणारी विकराची चाचणी डॉक्टरांच्या हाती असते. साधारणपणे लिटरमागे ४० युनिट ही सीमा धरली जाते.

परंतु एडीए जंतू मोजत नाही. ते रोगप्रतिकारक पेशींची धावपळ मोजते. छातीत पू झाला असेल, आमवाताने आवरणाला सूज असेल किंवा लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) असेल तरीही आकडा वाढतो. म्हणून पाण्यातील पेशी कोणत्या जातीच्या आहेत, प्रथिने किती आहेत, रुग्णाचे वय काय आणि ताप व वजन घटणे यांची हकिगत कशी आहे, हे एकत्र पाहूनच निर्णय घेतला जातो. जिथे क्षय सर्रास आढळतो, अशा आपल्यासारख्या प्रदेशात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनी भरलेले पाणी आणि वाढलेले एडीए ही जोडी क्षयाकडे बऱ्यापैकी खात्रीने बोट दाखवते. क्षय दुर्मीळ असलेल्या देशात याच आकड्याचे वजन कमी होते. आजाराच्या अगदी सुरुवातीला एडीए कमी येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. पोटातील पाण्यासाठीही ही चाचणी उपयोगी आहे. केवळ रक्तातील एडीए पाहून क्षयाचे निदान मात्र करता येत नाही.

ही विकरे जन्मतःच नसतील तर काय होते?

निसर्गाने केलेले हे प्रयोग फार बोलके आहेत. सिएटल येथील एलोइज गिब्लेट यांना १९७२ मध्ये असे आढळले की रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या दोन बालकांच्या रक्तपेशींत एडीएच नव्हते. विकर नसल्याने डीऑक्सिॲडिनोसिन साचते, त्याची विषारी रूपे लिम्फोसाइट पेशींना वाढू देत नाहीत आणि साधा संसर्गही बाळाच्या जिवावर बेततो. १९९० मध्ये हे विकर इंजेक्शनने देण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबरला चार वर्षांच्या एका मुलीला याच आजारासाठी मान्यताप्राप्त चाचणीतला पहिला जनुकोपचार देण्यात आला. जनुकोपचाराचा इतिहास अशा रीतीने प्युरिनच्या एका विकरापासून सुरू होतो.

एडीए२ च्या कमतरतेचे वर्णन २०१४ मध्ये झाले. तिथे प्रतिकारशक्तीपेक्षा रक्तवाहिन्यांना अधिक झळ बसते. त्यांना सूज येते आणि लहान वयात पक्षाघाताचे झटके येतात. टीएनएफ या दाहकारक रेणूला रोखणारी औषधे या झटक्यांना चांगला आळा घालतात, त्यामुळे लहान मुलाला कारण न कळता पक्षाघात झाला तर या आजाराचा विचार व्हायला हवा.

सीडी७३ ची कथा २०११ मध्ये पुढे आली. तीन कुटुंबांतील नऊ जणांच्या पायांच्या रोहिण्यांमध्ये आणि हातापायांच्या सांध्यांच्या आवरणात कॅल्शियम साचलेले होते, मात्र हृदयाच्या रोहिण्या त्या मानाने वाचल्या होत्या. कारण शोधताना सीडी७३ चे जनुक निकामी आढळले. हे विकर नसल्याने ॲडिनोसिन तयार होत नाही. ॲडिनोसिन नसल्याने अल्कलाइन फॉस्फटेज हे आणखी एक विकर बेलगाम होते. ते पायरोफॉस्फेटचा फडशा पाडते. आणि कॅल्शियमचे स्फटिक जमू न देणारा राखणदार म्हणजे नेमके हे पायरोफॉस्फेटच असते. एनपीपी१ नसेल तर पायरोफॉस्फेट मुळात तयारच होत नाही आणि तान्ह्या बाळाच्याही रोहिण्या कठीण होतात. याच्या उलट टोकाला अल्कलाइन फॉस्फटेज जन्मतः कमी असते; तिथे पायरोफॉस्फेट साचते आणि हाडेच कठीण होत नाहीत. त्या आजारासाठी विकरपूरक औषधाला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. रोहिण्यांचे हाड होणे आणि हाडांचे मेण होणे, या दोन्ही आपत्तींच्या मधोमध या विकरांचा तोल असतो.

सिकलसेलशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि विदर्भात व नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत असल्याने तो समजून घेण्याजोगा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तात ॲडिनोसिन वाढलेले असते. तांबड्या पेशींवरच्या ए२बी या ग्राहीमार्फत ते पेशीतील २,३-बीपीजी या रेणूचे प्रमाण वाढवते. या रेणूमुळे हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडते. निरोगी माणसाला हे उपकारकच ठरते. ५,२६० मीटर उंचीवर नेलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तात सीडी७३ ची क्रिया आणि ॲडिनोसिन दोन्ही वाढले आणि त्यातून शरीर विरळ हवेशी जुळवून घेते असे दिसले. सिकलसेलमध्ये मात्र प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनच एकमेकांना चिकटून पेशीला विळ्यासारखा आकार देते, त्यामुळे डोंगरावर तारणारी युक्ती इथे घात करते. सिकलसेल असलेल्या उंदरांना एडीए दिल्यावर पेशी विळ्यासारख्या होण्याचे आणि फुटण्याचे प्रमाण घटले. रुग्णांसाठी हा उपचार अद्याप प्रचलित नाही. हायड्रॉक्सियुरिया, लसीकरण आणि नियमित तपासणी हाच सध्याचा आधार आहे.

मधुमेहाच्या ‘ग्लिप्टिन’ गोळ्या आणि एडीए यांचे नाते असल्याचे वाचले. ते खरे आहे का?

नाते आहे, पण घाबरण्यासारखे नाही. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन वगैरे गोळ्या डीपीपी४ या विकराला रोखतात. हेच प्रथिन टी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी२६ या नावाने ओळखले जाते आणि तिथे ते एडीएला बांधून ठेवणाऱ्या खुंटीचे काम करते. गोळी त्याच्या कार्यकेंद्रात बसते; एडीए बांधले जाते ती जागा वेगळी आहे, त्यामुळे गोळीने एडीएची खुंटी हलत नाही.

आमवात आणि सांध्यांची झीज यांत या विकरांची भूमिका काय?

आमवातात मेथोट्रेक्सेट हे अनेक दशके पहिल्या पसंतीचे औषध आहे. आठवड्यातून एकदाच घेतल्या जाणाऱ्या त्याच्या लहान मात्रेचा बराचसा गुण पेशीबाहेर ॲडिनोसिन वाढवण्यातून येतो, असे मानले जाते. त्यासाठी अर्थातच सीडी३९ आणि सीडी७३ जागेवर हवीत. दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींवर सीडी३९ कमी असलेल्या रुग्णांना मेथोट्रेक्सेटचा गुण कमी येतो, असे २०१५ मधील एका अभ्यासात दिसले. ‘शेजारणीला लागू पडले, मला का नाही’ या बाह्यरुग्ण विभागातल्या नेहमीच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा इथे सापडतो, पूर्ण उत्तर नव्हे. हे औषध चुकून रोज घेतले जाण्याच्या घटना घडतात आणि त्या जिवावर बेतू शकतात. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा.

गुडघ्याच्या साध्या झिजेतही ॲडिनोसिनचा हात आहे. कूर्चेच्या पेशी स्वतःच एटीपी बाहेर सोडतात आणि त्यापासून झालेल्या ॲडिनोसिनवर आपली निगा राखतात. सीडी७३ किंवा ॲडिनोसिनचा ए२ए ग्राही नसलेल्या उंदरांचे सांधे आपोआप झिजतात, हे २०१७ मध्ये दाखवले गेले.

हृदयविकारानंतर दिलेल्या गोळ्या याच मार्गावर चालतात का?

होय. निरोगी रक्तवाहिनीच्या अस्तरावर सीडी३९ भरपूर असते आणि एडीपीचा फडशा पाडून ते प्लेटलेटना एकत्र येऊ देत नाही. अस्तर बिघडले की हा पहारा ढिला पडतो. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलोर ही औषधे विकराला हात न लावता एडीपी ऐकणारा प्लेटलेटवरचा पी२वाय१२ हा ग्राही बंद करतात. टिकाग्रेलोर घेणाऱ्या काहींना धाप लागते. रक्तातील ॲडिनोसिन पेशींत शिरण्याचा वेग हे औषध कमी करते, हे त्यामागचे एक स्पष्टीकरण दिले जाते. गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

कंपवात, अपस्मार आणि अल्झायमर यांत काय आढळते?

तिन्हींचे चित्र वेगळे आहे. अपस्मारात मेंदूतील व्रण झालेल्या भागात ॲस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी ॲडिनोसिन कायनेज वाजवीपेक्षा जास्त तयार करतात. फिट थोपवणारे नैसर्गिक ॲडिनोसिन त्यामुळे भराभर संपते. प्राण्यांमध्ये हे विकर रोखले की झटके आटोक्यात येतात, पण संपूर्ण शरीरात ते रोखल्यास यकृताला आणि शुद्धीला धोका संभवतो, हीच अडचण आहे.

कंपवातात हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या स्ट्रायॅटम या भागात सीडी७३ पासून तयार होणारे ॲडिनोसिन ए२ए ग्राहीवर बसून डोपामिनच्या विरुद्ध जोर लावते. हा ग्राही बंद करणाऱ्या इस्ट्राडेफायलिनला २०१३ मध्ये जपानमध्ये आणि २०१९ मध्ये अमेरिकेत लेव्होडोपा या कंपवातावरच्या नेहमीच्या औषधाच्या जोडीने देण्यास मान्यता मिळाली. या विषयाने ऱ्हासकारक मेंदूविकारांत दिलेले हे एक प्रत्यक्ष फळ आहे. ते लक्षणे हलकी करते, पेशींचा ऱ्हास थांबवते असे सिद्ध झालेले नाही.

अल्झायमरमध्ये मरणाऱ्या चेतापेशींतून सांडलेले एटीपी मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींवरच्या पी२एक्स७ ग्राहीला सतत चेतवत ठेवते आणि दाह धुमसत राहतो. अल्कलाइन फॉस्फटेजची क्रिया वाढल्याचेही काही अभ्यासांत आढळले आहे. या मार्गावरचे कोणतेही औषध अल्झायमरसाठी मान्य झालेले नाही.

मग रोजचा चहा किंवा कॉफी यांचा परिणाम होतो का?

कॅफिन विकरांना फारसे छेडत नाही. ते ॲडिनोसिनची खुर्ची अडवून बसते. झोप उडते ती त्यामुळेच. कॉफी पिणाऱ्यांमध्ये कंपवात कमी आढळतो हे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे, परंतु आजार झालेल्या रुग्णांना कॅफिनच्या गोळ्या देऊन केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हालचालींत सुधारणा दिसली नाही. व्यवहारात उपयोगी पडणारी बाब निराळीच आहे. ॲडिनोसिनचे इंजेक्शन देऊन हृदयाची तपासणी करायची असेल तर आधी साधारण १२ ते २४ तास चहा, कॉफी आणि चॉकलेट बंद ठेवण्यास सांगतात, नाहीतर तपासणी फसते. दम्यासाठी थिओफायलिन घेत असल्यास तेही आधी सांगावे, पण स्वतःहून थांबवू नये.

कर्करोगात या विकरांना रोखायचे की वाढवायचे?

रोखायचे. अनेक गाठी सीडी३९ आणि सीडी७३ यांच्या साह्याने स्वतःभोवती ॲडिनोसिनचे कुंपण घालतात आणि आत आलेल्या टी-पेशींना गुंगी आणतात. सीडी७३ ला रोखणारे ओलेक्लुमॅब हे प्रतिपिंड फुप्फुसाच्या कर्करोगातील चाचण्यांमध्ये इतर प्रतिकारोपचारांसोबत वापरून पाहिले जात आहे.

हळद किंवा एखादा काढा घेऊन ही विकरे ‘संतुलित’ करता येतात का?

हळदीतील कर्क्युमिन आणि इतर वनस्पतिजन्य पदार्थ देऊन आजारी उंदरांच्या प्लेटलेट व लिम्फोसाइटमधील या विकरांची क्रिया मोजणारे प्रयोग बरेच झाले आहेत आणि अनेकांत ती पूर्वपदावर आल्याचे म्हटले आहे. त्यांचे निष्कर्ष जपून वाचावेत. विकराची क्रिया बदलणे आणि आजार बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारात विकर वाढलेले दिसते तेव्हा ती पुष्कळदा शरीराची बचाव करण्याची धडपड असते. ते खाली आणणे म्हणजे उपचार होय, असे गृहीत धरता येत नाही. भाजीत हळद जरूर घालावी, मात्र औषधाच्या चिठ्ठीवरचे काही कमी करून तिच्या भरवशावर राहू नये.

निरोगी व्यक्तीने ही विकरे तपासून घ्यावीत का?

नाही. सीडी३९ किंवा सीडी७३ यांची पातळी सांगणारी, सर्वसामान्य रुग्णासाठी प्रमाणित झालेली तपासणी उपलब्ध नाही; ती संशोधनापुरती केली जाते. छातीतील किंवा पोटातील पाण्याचे एडीए, तान्ह्या बाळाला वारंवार गंभीर संसर्ग होत असल्यास रक्तपेशींतील एडीए, लहान वयातील पक्षाघातात एडीए२, आणि यकृत व हाडांसाठी नेहमी होणारी अल्कलाइन फॉस्फटेजची तपासणी, एवढ्याच चाचण्यांना आज दवाखान्यात अर्थ आहे. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले पाहून लोक चिंता करतात, मात्र सतत कमी येणारा आकडा रिपोर्टमध्ये नजरेआड होतो. दात अकाली पडणे किंवा पायाची हाडे वारंवार मोडणे यांच्या जोडीला तो असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवावा.